अद्भुतकादंबरीमाला

अद्भुतकादंबरीमाला : एकाच कल्पित विश्वात घडणाऱ्या आणि पात्रे, स्थळे व कालक्रम यांनी परस्परांशी जोडलेल्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांचा समूह. मालेतील एखादी कादंबरी स्वतंत्रपणे वाचता येते. तथापि तिचा पूर्ण अर्थ इतर भागांच्या संदर्भातच उलगडतो. अद्भुतरम्य कादंबरी मराठी वाचकास नवी नाही. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची मुक्तामाला (१८६१) ही मराठीतील त्या परंपरेची आरंभीची कृती होय. परंतु अशा कादंबरीतील अद्भुत हे एका कथानकापुरते असते. कथा संपली, की तिचे जगही संपते. कादंबरीमालेत जग हे कथेहून मोठे असते व एक कथा संपल्यावरही ते उरते. विसाव्या शतकात इंग्रजी साहित्यात या प्रकाराचा विशेष विकास झाला. जे. आर. आर. टॉल्किन (१८९२–१९७३), सी. एस. लूइस (१८९८–१९६३) आणि अर्सुला के. ल ग्विन (१९२९–२०१८) हे या प्रकारातील तीन प्रमुख लेखक. त्यांच्या मालांच्या आधारे या प्रकाराच्या रचनातत्त्वांचा विचार येथे केला आहे.

१९३९ मध्ये सेंट अँड्रूज विद्यापीठात परीकथांवर दिलेल्या व्याख्यानात टॉल्किनने अशा साहित्याची उपपत्ती मांडली. लेखक हा दुय्यम निर्माता असतो. त्याने रचलेल्या दुय्यम विश्वात वाचक मनाने प्रवेश करतो आणि त्या विश्वाच्या नियमांशी सुसंगत असलेले सर्व काही त्याला तेथे असेपर्यंत खरे वाटते, असे त्याचे प्रतिपादन होते. मराठीत या कल्पनेला ‘प्रतिसृष्टी’ हा शब्द चपखल बसतो. विश्वामित्राने त्रिशंकूसाठी प्रतिसृष्टी उभारली ती ईर्ष्येपोटी. परंतु तिलाही स्वतःची नक्षत्रे द्यावी लागली. कादंबरीकाराच्या प्रतिसृष्टीलाही भूगोल, पंचांग आणि माणसे लागतात. ही तीन अंगे कथेच्या गरजेतून कशी घडतात आणि एकदा प्रसिद्ध झालेल्या भागाचे बंधन पुढील भागांवर कसे पडते, हे या प्रकारातील मुख्य वाङ्मयीन प्रश्न होत.

स्थल : कल्पित प्रदेशाचा नकाशा ही पुस्तकाची केवळ सजावट नव्हे. आपण शहाणपणाने नकाशापासून आरंभ केला व कथा त्यात बसवली, असे टॉल्किनने म्हटले आहे. द लॉर्ड ऑफ द रिंग्ज (१९५४–५५) या त्याच्या महाकादंबरीतील प्रवास बव्हंशी पायी आहे. त्यामुळे अंतर हे दिवसांत, शिध्यात आणि थकव्यात मोजले जाते. मॉर्डॉरच्या वाटेवर उरलेले खाद्य मोजणारा सॅम वाचकाला अंतराची जी जाणीव देतो, ती कोणत्याही वर्णनाने दिली नसती.

ल ग्विनच्या अर्थसी मालेचा आरंभही नकाशानेच झाला. अ विझर्ड ऑफ अर्थसी (१९६८) लिहिताना तिने प्रथम असंख्य बेटांचा एक द्वीपसमूह रेखाटला. त्या भूगोलातून त्या जगाचा स्वभाव ठरला. बेटांमुळे नाव व वारा यांना महत्त्व आले. वारा वळवणारा मांत्रिक हा जहाजावरील उपयोगाचा माणूस ठरला. या जगात मंत्रविद्या वस्तूंच्या खऱ्या नावांवर चालते. साहजिकच दूरच्या बेटांवर, जेथील नावे त्याला ठाऊक नाहीत, तेथे थोर मांत्रिकाचेही सामर्थ्य उणे पडते. शिवाय प्रत्येक मंत्राने सृष्टीच्या समतोलास धक्का पोहोचतो. म्हणून जाणता मांत्रिक मंत्र वापरण्यापूर्वी कचरतो. पहिल्या कादंबरीचा नायक गेड याने गर्वाने मोकळी सोडलेली छाया त्याला अखेर भेटते ती पूर्वेकडील शेवटच्या बेटाच्याही पलीकडे, म्हणजे नकाशा जेथे संपतो तेथे. अशा रीतीने येथे स्थळ, विद्येचा नियम आणि नायकाचा आत्मशोध ही एकाच रचनेची अंगे होतात.

काल : मालेतील कालक्रम दोन प्रकारचा असतो. एक कल्पित जगाच्या इतिहासाचा आणि दुसरा त्या त्या कथेतील दिवसांचा. टॉल्किनने दोन्ही कमालीच्या काटेकोरपणे सांभाळले. कादंबरीच्या परिशिष्टांत त्याने वर्षवार घटनावली व निरनिराळ्या लोकसमूहांची पंचांगे दिली आहेत. हॉबिट लोकांच्या वर्षात तीस दिवसांचे बारा महिने आणि महिन्यांबाहेरचे पाच दिवस असतात. त्यांपैकी वर्षमध्याच्या दिवसाला वार नसतो, त्यामुळे दरवर्षी तारखांचे वार तेच राहतात. चंद्राच्या कलाही वेगवेगळ्या ठिकाणच्या प्रसंगांत जुळाव्यात, याची त्याने दक्षता घेतली.

हा काटेकोरपणा केवळ हौसेचा नाही, हे कादंबरीच्या बांधणीवरून दिसते. प्रवासी मंडळ फुटल्यावर टॉल्किन दोन्ही कथासूत्रे प्रकरणागणिक आलटूनपालटून सांगत नाही. एक संपूर्ण विभाग एका सूत्राला व पुढचा दुसऱ्या सूत्राला देतो. चौथ्या विभागाच्या अखेरीस फ्रोडो शत्रूच्या हाती सापडतो. पाचव्या विभागाच्या शेवटी काळ्या दरवाजापुढे शत्रूचा दूत फ्रोडोचे चिलखत दाखवतो, तेव्हा कथेतील योद्ध्यांप्रमाणे वाचकालाही सर्व संपल्यासारखे वाटते. वस्तुतः फ्रोडोची सुटका दहाबारा दिवसांपूर्वीच झालेली असते. मात्र ती वाचकाला कळते सहाव्या विभागात. तारखा तंतोतंत जुळत असल्यामुळेच ही फसगत न्याय्य ठरते. त्याचप्रमाणे अंधाराचा एकच दिवस गाँडॉरच्या राजधानीत आणि फ्रोडोच्या वाटेवर असा दोन ठिकाणी येतो. एकमेकांची वार्ता नसलेली माणसे एकाच आकाशाखाली आहेत, हे त्या दिवसामुळे वाचकाला कळते.

लूइसच्या नार्निया मालेतील सात कादंबऱ्यांत (१९५०–५६) काळाची योजना वेगळी आहे. इंग्लंडमधील एक वर्ष लोटते, तेवढ्यात नार्नियात शतके उलटून जातात. त्यामुळे परत आलेल्या मुलांना आपलाच राजवाडा पडक्या अवस्थेत भेटतो. ही योजना सैल असली, तरी तिच्यातून निर्माण होणारी हुरहुर खरी आहे.

पात्रे : मालेत नायकाचे सामर्थ्य भागागणिक वाढत जाते व त्याबरोबर त्याच्यावरील संकट खोटे वाटू लागते. यावर तिन्ही लेखकांनी वेगवेगळे उपाय योजले. टॉल्किनने वीरांच्या जगात जेवणाची व घराची ओढ असलेली छोटी माणसे मध्यभागी ठेवली. लूइसने मुलांना वयाची अट घातली. ठराविक वयानंतर त्यांना नार्नियात परतता येत नाही. ल ग्विनने दृष्टिकोण बदलला. द टूम्स ऑफ ॲट्युअन (१९७१) मध्ये गेड हा भूगर्भातील चक्रव्यूहात अडकलेला परका आहे. त्याला आपण टेनार या कोवळ्या पुजारिणीच्या डोळ्यांनी पाहतो. द फार्देस्ट शोअर (१९७२) मध्ये तो महामांत्रिक झाला आहे. परंतु कथेचे केंद्र आहे त्याच्याबरोबर निघालेला राजपुत्र. अशा प्रकारे पात्र मोठे होते आणि तरी वाचकापासून दुरावत नाही.

पूर्वलिखिताचे बंधन : एकाच कादंबरीचा लेखक शेवट लिहिताना आरंभ बदलू शकतो. मालाकाराला ही मोकळीक नसते. त्याचा पहिला भाग हजारो वाचकांनी वाचून त्यावर विश्वास ठेवलेला असतो. नंतर लेखकाची समज बदलली, तर त्या जुन्या शब्दाचे काय करावयाचे, हा मालेचा सर्वांत कठीण प्रश्न. मालेचे खरे ऐक्य येथे कसाला लागते.

टॉल्किनपुढे तो द हॉबिट (१९३७) मुळे उभा राहिला. त्या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत कोड्यांच्या खेळात हरलेला गॉलम बिल्बोला अंगठी बक्षीस देण्यास तयार असतो. ती हरवल्याचे लक्षात आल्यावर तो त्याला केवळ बाहेरची वाट दाखवतो. पुढील कादंबरीत हीच अंगठी सर्वनाशक सत्तेचे प्रतीक ठरली. जिच्या मोहाने गॉलमचे सर्वस्व पोखरले ती वस्तू तो आपण होऊन देऊ करील, हे आता संभवत नव्हते. टॉल्किनने ते प्रकरण नव्याने लिहिले व १९५१ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते छापले गेले. एवढ्यावर तो थांबला असता, तर ती साधी दुरुस्ती ठरली असती. परंतु द लॉर्ड ऑफ द रिंग्जमध्ये त्याने जुन्या पाठालाही जागा दिली : ती बिल्बोने सोबत्यांना सांगितलेली खोटी हकीकत होती आणि एरवी प्रामाणिक असलेल्या बिल्बोने खोटे बोलावे, हीच अंगठीच्या दुष्ट प्रभावाची पहिली खूण होती. लेखकाची चूक अशा रीतीने पात्राची चूक झाली आणि तिच्यामुळे कथेचा नैतिक आशय अधिक गडद झाला.

लूइसने मागे जाऊन रिकाम्या जागा भरण्याचा मार्ग पत्करला. पहिल्या कादंबरीत बर्फाच्छादित रानात एक रस्त्यावरचा दिवा जळत असतो. तो तेथे कसा आला, हे सांगितलेले नाही. पाच वर्षांनी द मॅजिशियन्स नेफ्यू (१९५५) मध्ये त्याची जन्मकथा आली. त्यातून वाचनक्रमाचा वाद उद्भवला. १९५७ मध्ये एका बालवाचकास लिहिलेल्या पत्रात लूइसने कथाकालाच्या क्रमाला अनुकूलता दाखवली, मात्र क्रमाला फारसे महत्त्व नाही असेही म्हटले. १९९४ मध्ये अमेरिकेत हे भाग कथाकालानुसार क्रमांकित करण्यात आले. हा क्रम सोयीचा असला, तरी वाङ्मयीन दृष्ट्या तो हानिकारक आहे. दिव्याचे कारण आधी कळलेल्या वाचकाला त्या रानात दिवा पाहून विस्मय वाटण्याचे कारण उरत नाही. घटनांचा क्रम आणि ज्ञानाचा क्रम हे भिन्न असतात. कादंबरी ही दुसऱ्यावर उभी असते.

ल ग्विनची अडचण अधिक खोल होती. तिच्या जगात चूक नव्हती. अन्याय होता आणि तो लिहिताना तिच्या पूर्णपणे ध्यानात आला नव्हता. पहिल्या तीन कादंबऱ्यांत रोक बेटावरील विद्यापीठात केवळ पुरुषांना प्रवेश आहे व स्त्रियांची मंत्रविद्या हलकी मानणारी म्हण तेथील लोकांत रूढ आहे. अठरा वर्षांच्या खंडानंतर तिने टेहानू (१९९०) लिहिली. कथेत मात्र हा खंड नाही. गेड आधीच्या कादंबरीच्या अखेरीस ज्या ड्रॅगनच्या पाठीवरून निघाला, त्याच ड्रॅगनवरून तो गॉन्ट बेटावर उतरतो. त्याची विद्या संपलेली आहे. राजाची माणसे शोधीत आल्यावर तो लाजेने डोंगरावर शेळ्या राखावयास निघून जातो. कथेचे केंद्र आता टेनार आहे : एका शेतकऱ्याची मध्यमवयीन विधवा, जी आगीत होरपळलेल्या एका मुलीला सांभाळीत आहे.

येथे पूर्वीचे एकही वाक्य खोडलेले नाही. द फार्देस्ट शोअरच्या शेवटी गेडच्या पुढील आयुष्याविषयी दोन वदंता दिल्या होत्या : गीताप्रमाणे तो नावेतून समुद्रात निघून गेला, तर गॉन्टच्या लोकांच्या सांगण्याप्रमाणे राजा त्याला न्यावयास आला, तेव्हा तो डोंगरातील रानात निघून गेला होता. टेहानूची कथा या दुसऱ्या वदंतेच्या आधाराने चालते. गीताला जे वैराग्य वाटले असते, ते घरातून पाहणाऱ्या स्त्रीला पराभूत माणसाची लाज म्हणून दिसते. जग तेच आहे. पाहणारा बदलला आहे. म्हणून ही दुरुस्ती नसून पुनर्दर्शन आहे. टेल्स फ्रॉम अर्थसी (२००१) या संग्रहातील एका कथेत रोकच्या स्थापनेत स्त्रियांचा वाटा होता व पुढे त्यांना वगळण्यात आले, असे दाखविले आहे. तेव्हा पूर्वीच्या कादंबऱ्यांतील परंपरा ही त्या जगाचा स्वभाव नसून इतिहास ठरते. आणि इतिहास बदलू शकतो.

मूल्यमापन : या पुनर्दर्शनाची किंमतही द्यावी लागते. द अदर विंड (२००१) मध्ये मृतांच्या कोरड्या प्रदेशाचा उगम सांगून अखेर त्याची भिंत पाडण्यात आली आहे. वैचारिक दृष्ट्या हा शेवट समर्थनीय आहे. अमरत्वाच्या लोभातून तो प्रदेश निर्माण झाला, हे स्पष्टीकरण तिसऱ्या कादंबरीच्या आशयाशी जुळते. परंतु त्या कादंबरीतील मृत्युभूमीची नीरव भयाणता अशा स्पष्टीकरणाने काहीशी ओसरते. रहस्याचा खुलासा करावा की नाही, हा प्रश्न प्रत्येक मालाकारापुढे असतो व त्याचे एकच उत्तर नाही. तरीही तिघांत ल ग्विनचे धाडस मोठे मानावे लागते. टॉल्किनने आपल्या जगाची सुसंगती राखली, लूइसने त्याला आरंभ व अंत दिला, तर ल ग्विनने आपल्याच जगाला जाब विचारला व ते मोडू दिले नाही.

नकाशे, वंशावळी व शब्दसूची यांची रेलचेल ही पुढे या प्रकाराची बाह्य खूण बनली. तेवढ्याने प्रतिसृष्टी सजीव होत नाही. नियम मोडला तर पात्राला काय भोगावे लागते आणि एका भागात दिलेला शब्द दुसऱ्या भागात कसा पाळला जातो, यावर तिची विश्वसनीयता अवलंबून असते. टेहानू प्रसिद्ध झाली, तेव्हा ती अर्थसीची अखेरची कादंबरी आहे असे तिच्या उपशीर्षकात म्हटले होते. त्यानंतर दोन पुस्तके आली. वृद्ध गेडच्या अखेरच्या क्षणांवरील ‘फायरलाइट’ ही कथा २०१८ मध्ये ल ग्विनच्या निधनानंतर प्रसिद्ध झाली. पहिल्या कादंबरीस तेव्हा पन्नास वर्षे झाली होती.