अल्बममधले बेट आणि धूसर झालेला मामा

लग्नाचे अल्बम आपण चहाबरोबर चाळतो आणि कपाटात ठेवतो. छायाचित्रणाची समीक्षा करणारे त्यांची दखल घेत नाहीत. पण मध्यमवर्गीय कुटुंबाचा दृश्य-इतिहास बहुतांशी याच अल्बमांत साठलेला असतो. म्हणून येथे दोन अल्बम शेजारी ठेवून पाहतो: १९९६ सालचा माझा, मुलुंडच्या मंगल कार्यालयातला, आणि माझ्या भाचीचा, मढ बेटावरच्या बंगल्यातला.

मढ काही दूर नाही. वर्सोव्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडली की आलेच. मालाडहून बसही जाते. तसे पाहिले तर मुलुंड-घाटकोपरही साष्टी बेटावरच वसले आहे. अल्बममध्ये मात्र मढ हे निर्जन, अनोळखी बेट वाटते. पश्चिमेचा समुद्र, मावळतीचे ऊन, नारळाच्या झावळ्या आणि जोडप्यामागचे सगळे पुसट करणारी लेन्स, एवढ्यावर हे साधते. कोळीवाडा, बांबूंवर वाळणारे बोंबील, एरंगळचे १५७५ सालचे चर्च यांपैकी काहीच दिसत नाही. होडी एक आहे. तीही नवरीला टेकायला.

यात कसब नाही असे मी म्हणणार नाही. एका चित्रात वाऱ्याने अंतरपाट शिडासारखा फुगला आहे आणि त्याच्या कडेवरून भाचीचे डोळे दिसतात. कार्यालयाच्या ट्यूबलाइटखाली असे चित्र कधी निघाले नसते. पण अंतरपाट धरणाऱ्यांचे हात मनगटाशीच कापले आहेत. आणि रीतीप्रमाणे नवरीच्या मागे उभा असलेला मामा? तो पिवळसर डाग म्हणजे मी!

माझ्या अल्बममध्ये असे चित्र एकही नाही. छत्तीस फोटोंचा रोल जपून वापरायचा असे. काका हाका मारत, "आता मामाकडचे या," आणि रांगा उभ्या राहत. चेहरे अवघडलेले, फ्लॅशने डोळे लाल. पण प्रत्येक जण ओळखू येतो. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्द्यू यांनी १९६५ साली सहकाऱ्यांसह छायाचित्रणावर ग्रंथ प्रसिद्ध केला. खेड्यातल्या लग्नाच्या फोटोत जमलेला गोतावळा स्वतःचीच नोंद करून ठेवतो, असे त्यांचे निरीक्षण आहे. आमच्या काकांनी बुर्द्यू वाचला नव्हता, पण काम तेच केले.

आता लग्नात दोन फोटोग्राफर असतात: एक 'कँडिड', दुसरा 'ट्रॅडिशनल'. भाचीच्या लग्नात पहिल्याच्या चित्रांचा जाड अल्बम झाला. दुसऱ्याने काढलेले ग्रुप पेन ड्राइव्हवरच राहिले. गेल्या वर्षी माझी आई गेली. तेराव्याला ठेवण्यासाठी फोटो हवा होता. सत्तर पानांच्या अल्बममध्ये ती एका पानावर सापडली, नातीच्या गालावर ठेवलेला हात एवढीच. बांगड्यांवरून ओळखली. अखेर पेन ड्राइव्हवरच्या एका रांगेतून तिचा चेहरा मोठा करून घेतला.

तो हाताचा फोटो सुंदर आहे, हे मला आजही मान्य आहे. दोष फोटोग्राफरचाही नाही. जोडप्याने मागितले ते त्याने दिले. अल्बमची निवड दोघांच्याच आवडीवर सोडली की नोंदही दोघांचीच उरते. म्हणून माझी सूचना साधी आहे: शेवटची चार पाने ग्रुपसाठी ठेवावीत, फोटोखाली नावे लिहावीत आणि मढला मढ म्हणावे.