फाळके यांचीं जुनीं चित्रें व नवी चौकट

हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी 1918 सालीं स्थापन झाली व तिचें काम नाशिकास चाले. तिचे प्रवर्तक धुंडिराज गोविंद फाळके 16 फेब्रुवारी 1944 रोजीं येथेंच वारले. त्यांच्याविषयीं हल्लीं बरेच माहितीपट निघतात व त्यांत फाळके यांच्या मूकपटांतील तुकडे आजच्या रंगीत चित्रणाशीं सांधलेले असतात. उद्योग स्तुत्य आहे. सांधण्याची रीत मात्र पुष्कळदां आक्षेपार्ह असते.

मूकपटाच्या चौकटीचें प्रमाण चार रुंद व तीन उंच. आजच्या पडद्याचें सोळा रुंद व नऊ उंच. पडदा भरावा म्हणून संपादक जुनें चित्र आडवें ताणतो, तेव्हां प्रत्येक वस्तु एकतृतीयांशानें रुंद होते. किंवा तें सर्व बाजूंनीं वाढवितो, तेव्हां उंचीचा चतुर्थांश छाटला जातो.

‘कालिया मर्दन’ (1919) घ्या. आरंभीं फाळके यांची सात वर्षांची कन्या मंदाकिनी केवळ मुद्राभिनय करून दाखविते. कृष्णाची भूमिकाही तिचीच. हा चेहरा ताणला कीं मूल सुजलेलें दिसतें, प्रेक्षक हंसतो आणि दोष फाळके यांच्या माथीं बसतो. छाटणी याहून घातक, कारण ती दिसत नाहीं. मजकुराच्या पाटीची वरची ओळ गेली, तर निदान वाचणारा अडखळतो. कृष्णाच्या मस्तकावरचें आकाश गेलें, तर कोणास कळणार?

पोथ्या हाताळणाऱ्यांस हा प्रकार परिचित आहे. समासांतील टीपा गाळून छापलेली प्रत पुढचा लेखक मूळ समजून उतरतो व एक सबंध शाखा भ्रष्ट होते. येथेंही तेंच चाललें आहे: छाटलेला तुकडा एका माहितीपटांतून दुसऱ्यांत जातो, व मूळ फीत पाहण्याची तसदी कोणी घेत नाहीं.

सरळ उपाय म्हणजे चित्र मध्यें ठेवून दोन्ही बाजू काळ्या सोडणें. पडद्याचा चतुर्थांश रिता राहतो व तो निर्मात्यास सलतो, म्हणून तेथें त्याच चित्राची धूसर छाया पसरण्याची टूम निघाली आहे. ही समासांतली वेलबुट्टी होय. खंडित पोथींतील गळलेल्या अक्षरांची जागा आपण कोरीच सोडतों ना?

ज्यांच्या संग्रहीं जुन्या फिती अथवा त्यांच्या प्रती असतील, त्यांनीं त्या देतांना मूळ चौकट न मोडण्याची अट लेखी घालावी.