‘बफी’चे चाहते आणि ‘आत्म्या’चा प्रश्न

‘बफी द व्हॅम्पायर स्लेअर’ (१९९७-२००३) या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेच्या चाहत्यांनी दीर्घकाळ वाद घातला तो स्पाइक या व्यक्तिरेखेविषयी. मालिकेचा नियम असा की, व्हॅम्पायर होताच माणसाचा आत्मा जातो आणि त्याच्याबरोबर सदसद्विवेकही. एंजलला तो परत मिळतो शापाने. स्पाइक मात्र २००२ मध्ये तो स्वतःहून मिळवावयास जातो. मग आत्मा नसताना आत्म्याची इच्छा झाली कोणाला? चाहत्यांचा हा प्रश्न मालिकेच्या गृहीतकालाच छेद देतो. मेंदूतील चिपमुळे तो माणसांना इजा करू शकत नव्हता, हे संयमाचे स्पष्टीकरण झाले. ‘इंटरव्हेन्शन’ (२००१) या भागात छळ सोसूनही तो बफीच्या बहिणीचे रहस्य फोडत नाही, हे मात्र चिपने उलगडत नाही. या तपशिलावर बोट ठेवणारे चाहते उत्तम वाचक होत. उलट ‘सीइंग रेड’मधील (२००२) बफीवरील बलात्काराचा प्रयत्न लेखकांची चूक म्हणून बाजूला सारणारे चाहते केवळ वकिली करतात, आत्म्याचा शोध सुरू होतो तो त्याच कृत्यानंतर.

मराठीत याविषयी लिहिताना ‘सोल’साठी ‘आत्मा’ हा शब्द घ्यावा लागतो आणि तेथेच अडचण उद्भवते. गीतेतील आत्मा अविनाशी आहे. तो गमावता येत नाही, मिळविताही येत नाही. मालिकेतील ‘सोल’ म्हणजे मुख्यतः पश्चात्तापाची क्षमता. त्यास ‘विवेक’ म्हणावे, तर तो स्पाइकच्या आधीच्या वर्तनात अंशतः दिसतोच, आणि चाहत्यांचा वाद भाषांतरातच निकालात निघतो.