आवाज नाही, पण बॅटरीही नाही

२०२० च्या नोव्हेंबरात आलेला ‘रास्पबेरी पाय ४००’ हा कीबोर्डातच बसवलेला संगणक. घरातील दुसरा संगणक म्हणून तो आम्हांस आवडला. पंखा नाही, म्हणून आवाज नाही. पडदा सोडल्यास वीज सुमारे ५ वॅट. म्हणजे एक युनिट २०० तास पुरते.

उष्णता बाहेर टाकतो तो आतील ॲल्युमिनियमचा रुंद पत्रा. परंतु उष्णता वाहते ती तापमानातील फरकामुळे. चिप ८० अंशांच्या आसपास गेली की स्वतःचा वेग कमी करते. त्याची रचना जिथे झाली त्या केंब्रिजमध्ये खोली २० अंशांची धरली, तर ६० अंशांचा वाव मिळतो. परभणीच्या मे महिन्यात ४० च.

आमचा खरा आक्षेप वेगळा आहे. मेमरी कार्डावर लिहिणे चालू असताना वीज गेली तर फायली बिघडू शकतात, आणि यंत्रात बॅटरी नाही. जिंतूर-गंगाखेडकडील शिक्षकांनी किंमत मोजताना बॅटरीचा खर्च त्यात धरावाच.

घेतलाच, तर चिपचे आणि खोलीचे तापमान मुलांकडून तासातासाला नोंदवून घ्यावे. उष्णतेच्या धड्याला याहून जिवंत प्रयोग कोणता?