मिठाच्या द्रावणाचा सामू सातच का लिहायचा?

कळमेश्वरच्या एका शाळेत दहावीच्या मुलांनी मिठाच्या द्रावणात सामू-कागद बुडवला. रंग ८ च्या जवळचा आला. "मीठ उदासीन असते, ७ लिहा," असे सरांनी सांगितले. मुलांनी आकडा खोडून ७ लिहिला. वास्तविक मुलांचे निरीक्षण बरोबर होते. चूक मांडणीत होती. पाणी कूपनलिकेचे होते. अशा पाण्यात बायकार्बोनेट विरघळलेले असते आणि मीठ टाकण्यापूर्वीच त्याचा सामू ७ च्या वर असू शकतो.

एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात हा प्रयोग आहे. सोडिअम क्लोराइड, सोडिअम ॲसिटेट, धुण्याचा सोडा, ॲल्युमिनिअम क्लोराइड इत्यादी क्षारांच्या द्रावणांचा सामू पाहायचा आणि क्षार कोणत्या आम्ल-आम्लारीपासून बनला ते ओळखायचे. क्षारांची निवड उत्तम आहे. उदासिनीकरणातून बनलेला क्षार उदासीनच असणार, हा समज तिने मोडतो. परंतु प्रयोगापाठोपाठ नियमही छापला आहे : तीव्र आम्ल व तीव्र आम्लारी यांचा क्षार उदासीन, सामू ७. उत्तर हाती असल्यावर कागदाचा रंग कोण पाहणार?

शिवाय नियमातून कारण कळत नाही. नवसागरातील अमोनिअम आयन पाण्याला प्रोटॉन देतो, म्हणून द्रावण आम्लधर्मी होते. धुण्याच्या सोड्यातील कार्बोनेट आयन पाण्याकडून प्रोटॉन घेतो, हायड्रॉक्साइड आयन मागे राहतो आणि द्रावण आम्लारिधर्मी होते. सोडिअम व क्लोराइड आयन यांपैकी काहीच करत नाहीत. एवढे दहावीच्या मुलांना सहज समजते.

पाण्याकडे दुर्लक्ष केले तर प्रयोग फसतो. बायकार्बोनेटयुक्त पाण्यात नवसागरही आम्लधर्मी दिसत नाही. उलट, उघडे ठेवलेले ऊर्ध्वपातित पाणी हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषते व त्याचा सामू ५.६ च्या आसपास उतरतो. लिटमसवरही विसंबू नये. त्याचा रंग साधारण सामू ५ ते ८ या टप्प्यात बदलतो, त्यामुळे त्यावरून नेमका ७ ठरवता येत नाही.

उपाय सोपा आहे. ऊर्ध्वपातित पाणी उकळून, झाकून थंड करावे. क्षार टाकण्यापूर्वी त्याचाच सामू मोजून तक्त्याच्या पहिल्या ओळीत लिहावा. ०.१ मोलर द्रावणांत नवसागराचा सामू सुमारे ५, खाण्याच्या सोड्याचा ८.३ आणि धुण्याच्या सोड्याचा ११.६ येतो. नियम मुलांनी तक्ता भरल्यावर सांगावा. मिठाचा आकडा ७ आला नाही तर तो तसाच राहू द्यावा आणि पुढच्या तासाला कूपनलिकेचे पाणी तपासायला घ्यावे.