स्वप्नाच्या पुढचे पान : किंग यांचे १९६७ चे पुस्तक

मार्टिन ल्यूथर किंग म्हटले की आपल्याला आठवते ते २८ ऑगस्ट १९६३ चे, स्वप्नाचे भाषण. पण त्या दिवशीच्या मोर्चाचे पूर्ण नाव आपण विसरतो : 'नोकऱ्या आणि स्वातंत्र्य यांसाठी वॉशिंग्टनवर मोर्चा'. नोकऱ्या आधी, बरं का! आज आपण ज्या पुस्तकाकडे वळतो आहोत, ते या विसरलेल्या शब्दाचे पुस्तक आहे : 'व्हेअर डू वी गो फ्रॉम हिअर', १९६७.

६ ऑगस्ट १९६५ ला मतदान हक्क कायद्यावर सही झाली. पाचच दिवसांनी लॉस एंजेलिसची वॉट्स वस्ती पेटली. तिथल्या काळ्या माणसाला मत होतेच. मग राग कशाचा? १९६६ मध्ये किंग शिकागोच्या गरीब वस्तीत राहायला गेले, घरांसाठी मोर्चे काढले आणि तिथे त्यांनी डोक्यावर दगड खाल्ला.

त्यातून पुस्तकाचा मुख्य मुद्दा येतो. आंदोलनाच्या पहिल्या टप्प्यात देशाला पदरचे फारसे काही मोजावे लागले नाही. बसमधली जागा, हॉटेलातले टेबल, मतपत्रिका, यांना खर्च तो काय? शाळा, घर, रोजगार यांना मात्र पैसा लागतो, आणि नेमका इथेच गोऱ्या सहानुभूतीचा झरा आटतो.

तत्त्वज्ञानात आपण औपचारिक समता आणि वास्तविक समता असा भेद करतो. तो इथे हिशेबाच्या वहीत दिसतो. १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर काळ्यांच्या वस्त्या लाल रंगाने 'धोक्याच्या' ठरवल्या गेल्या आणि तिथे गृहकर्ज मिळणे दुरापास्त झाले. बापाला घर नाही, म्हणून मुलाला वारसा नाही. फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या पाहणीत मध्यम गोऱ्या कुटुंबाची संपत्ती सुमारे २,८५,००० डॉलर, काळ्या कुटुंबाची सुमारे ४५,०००. म्हणजे बघा, वारसा कायदा रंग विचारत नाही, पण जुना भेदभाव तोच पुढच्या पिढीच्या हाती देतो.

म्हणून 'रंग पाहूच नका' असे म्हणणारे जेव्हा १९६३ च्या भाषणातले एक वाक्य पुढे करतात, तेव्हा त्यांना हे पुस्तक दाखवावे. शतकानुशतके ज्यांच्याविरुद्ध खास काही केले, त्यांच्यासाठी आता खास काही करावे लागेल, असे किंग इथे स्वच्छ सांगतात. १९५९ साली भारतात आलेल्या किंग यांना आपल्याकडच्या विशेष तरतुदी ठाऊक होत्या.

पण पुस्तक कुठे कमी पडते, हेही बोलायला हवे. किंग प्रत्येकाला किमान उत्पन्नाची हमी मागतात. कामगार आणि भाडेकरूंच्या संघटनांवरही लिहितात. शेवटच्या प्रकरणात मात्र सारे जग एक घर होते, आणि 'बिल कोण भरणार?' हा प्रश्न नीतीच्या उंचीवर विरून जातो. बिल समोर आले की सदिच्छा मागे सरते, हे ज्यांनी स्वतःच दाखवले, त्यांनी शेवटी पुन्हा सदिच्छेवरच भिस्त ठेवावी, ही आम्हाला या युक्तिवादातली खरी फट वाटते.

तिचे उत्तर पुस्तकात नाही, मेम्फिसमध्ये आहे. १९६८ मध्ये तिथल्या सुमारे १,३०० सफाई कामगारांनी संप केला. किंग त्यांच्यासाठी गेले आणि ४ एप्रिलला तिथेच मारले गेले. सातच दिवसांनी घरांच्या बाबतीतल्या भेदभावाविरुद्धचा कायदा झाला. कायदा आला, संपत्तीतली दरी राहिली.

तेव्हा भाषण ऐकावेच, पण पुस्तकही वाचावे. स्वप्नाला टाळ्या मिळतात; हिशेब मात्र अजून चुकता व्हायचा आहे.