सनदेतले घराणे आणि नोंदवहीतली माणसे

धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाची किंवा शताब्दीची स्मरणिका हाती आली की तीत एक लेख हमखास सापडतो. एखाद्या कॅथलिक कुटुंबाचा इतिहास त्यात सांगितलेला असतो. मूळपुरुष बहुधा पोर्तुगीज, निदान पोर्तुगिजांच्या मर्जीतला. त्याला राजाकडून गावे मिळालेली, पुढे ती गेली आणि वंशज नोकरीच्या निमित्ताने मुंबई-वसईहून दूरदूर पांगले. बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे वऱ्हाडाच्या पश्चिम टोकाला, जिथे पोर्तुगिजांची सत्ता कधीच पोहोचली नाही, तिथेही असे लेख मोठ्या आवडीने वाचले जातात. आपण कोणाचे, हा प्रश्न परमुलखात राहणाऱ्याला अधिकच सतावतो, त्यामुळे या आवडीला हसण्याचे कारण नाही. परंतु हा आता एक लेखनप्रकारच झाला आहे, आणि लेखनप्रकार म्हटला की त्याची चिकित्साही व्हावयास हवी.

या लेखांची पद्धत साधी असते. लेखक आडनाव घेतो, तेच आडनाव एखाद्या जुन्या सनदेत शोधतो आणि दोहोंच्या मध्ये पडलेल्या दोन-तीन शतकांवर कल्पनेचा पूल बांधतो. हा पूल किती भार पेलतो, हे पाहण्यासाठी मुंबईतील मजगावचे उदाहरण घेऊ. आपल्याकडील वसाहतकालीन जमीनदार घराण्यांपैकी कागदपत्रांत ठळकपणे दिसणारे हे एक घराणे आहे.

१५३४ च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशाहाने वसई व तिच्याबरोबर मुंबईची बेटे पोर्तुगिजांच्या हवाली केली. त्यानंतर तेथील गावे ठरावीक वार्षिक खंडावर लावून देण्यात आली. या खंडाला ‘फोरो’ आणि तो भरणाऱ्याला ‘फोरेरो’ म्हणत. मुंबईतील ‘फोरास’ जमिनी व त्यांवरून पडलेले फोरास रोड हे नाव याच शब्दाशी जोडले जाते. फोरेरोने खंड भरावयाचा, शिवाय गरज पडल्यास लढाईसाठी घोडा व शस्त्रे बाळगावयाची. पुष्कळ गावे तीन पिढ्यांच्या मुदतीने दिली जात. सिमाव बोतेल्यू या महसूल अधिकाऱ्याने १५५४ मध्ये या उत्पन्नाची जी नोंदवही सिद्ध केली, तिला ‘तोंबो’ म्हणतात. मुंबई बेटाचा खंड तीत १,४३२½ परदाव असा आला आहे. आपल्याकडील वसाहतकालीन जमिनीच्या इतिहासाचा हा पायाच होय.

मजगाव प्रारंभी आंतोनियो पेसोआ याच्याकडे होते. १५७२ मध्ये राजा सेबास्तियाव याने ते वार्षिक १९५ परदाव खंडावर वसईच्या डी सूझा ई लिमा घराण्याला कायमचे लावून दिले. ‘कायमचे’ हा शब्द लक्षात ठेवावा. कारण शंभर वर्षे उलटण्यापूर्वीच, १६६५ च्या फेब्रुवारीत हंफ्री कुकने इंग्लंडच्या राजाच्या वतीने मुंबईचा ताबा घेतला, तेव्हा मजगावचा धनी म्हणून ज्याचे नाव पुढे येते तो आल्वारो पिरिश द तावोरा होय. आडनावाचे बोट धरून निघालेला संशोधक इथे अडतो. सूझा गेले कुठे?

अशा वेळी पोर्तुगीज भूधारणेची एक खासियत ध्यानी घ्यावी लागते. उत्तरेकडील प्रांतात गावे मुलींकडे व विधवांकडेही जात. राजाच्या आश्रयाने आलेल्या अनाथ मुलींना हुंडा म्हणून गावे देण्याचीही प्रथा होती. मुलीच्या मागोमाग जमीन दुसऱ्या घरात जाई आणि पुढच्या पिढीचे आडनाव निराळेच असे. मुंबई बेटाचे हस्तांतर झाले ते डोना इनेस द मिरांदा या विधवेच्या वाड्यात. तिचा पती डोम रोद्रिगो द मोंसांतो. पतीचे आडनाव एक, पत्नीचे दुसरे, आणि लोक तिला ओळखत ‘बेटाची धनीण’ म्हणून. केवळ पुरुषाच्या आडनावावरून वंशवृक्ष काढू पाहणाऱ्याला ही बाई सापडणारच नाही. आपल्या स्मरणिकांतील वंशवृक्ष जवळजवळ नेहमी बापाकडून मुलाकडे उतरतात. शोध फसण्याचे पहिले कारण तेच आहे.

इंग्रजी अमलात या जमिनींच्या मालकीवरून पुष्कळ तंटे झाले. अखेर गव्हर्नर जेरल्ड ऑन्जियर याने १६७४ मध्ये जमीनधारकांशी करार केला. त्यांनी कंपनीला दरसाल एकत्रित २०,००० झेराफिन द्यावेत आणि कंपनीने त्यांचे हक्क मान्य करावेत, असा त्याचा मतितार्थ. घराण्यांचा माग काढणाऱ्यास हा करार मोलाचा आहे, कारण ज्यांचे हक्क त्या दिवशी मान्य झाले त्यांचेच कागद पुढे चालू राहिले. ज्याच्या नावावर जमीन नव्हती तो या करारात नाही. अठराव्या शतकात मजगावही कंपनीच्या ताब्यात आले आणि त्याबरोबर जुन्या धन्यांचा कागदी इतिहास संपला. घराणे संपले असे नव्हे. सनदेने मात्र त्याच्याकडे पाहणे सोडले.

या साऱ्या इतिहासाचा आजही आधार मानला जाणारा ग्रंथ म्हणजे डॉ. जोसे गेर्सन द कुन्हा यांचा ‘द ओरिजिन ऑफ बॉम्बे’. तो १९०० मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेने प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी ग्रंथकाराचे निधन झाले. गोव्यात जन्मलेला हा कॅथलिक डॉक्टर नाणेशास्त्राचाही पंडित होता, आणि नाण्याची पारख करणाऱ्याची नजर त्याच्या लेखनात आहे: हाती पडलेली वस्तू कुठली, केव्हाची, खरी की खोटी, याची तपासणी तो आधी करतो. पोर्तुगीज दस्तऐवज मुळातून वाचण्याची त्याची योग्यता त्याच्या काळातील इंग्रज लेखकांपैकी फार थोड्यांपाशी होती. आपल्या समाजाने हा ग्रंथ जितका वाचावयास हवा होता तितका वाचलेला नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

तरीही एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. या ग्रंथातील जमिनीच्या कथेचा कणा राजपत्रे व महसुली नोंदी हाच आहे. राजपत्रात असतात देणारा, घेणारा आणि खंड. त्या खंडाचे भात ज्यांनी पिकवले, ताडी ज्यांनी उतरवली, मासळी ज्यांनी आणली, त्यांची नावे राजपत्रात नसतात. ग्रंथकाराने कोळ्यांच्या वस्त्यांविषयी व ठिकाणांच्या नावांविषयी आस्थेने लिहिले आहे. पण तिथे ते एक जमात म्हणून येतात, आणि फोरेरो मात्र नावानिशी येतो. दोष ग्रंथकाराच्या नियतीचा नाही, साधनाचा आहे. दुःख याचे की आपल्या स्मरणिकांनी ग्रंथकाराची कागद पारखण्याची शिस्त घेतली नाही, मर्यादा तेवढी घेतली.

आता दुसऱ्या साधनाकडे वळू. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये विवाहाची व स्नानसंस्काराची नोंद ठेवणे धर्मगुरूंवर बंधनकारक केले. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने पाच वह्या सांगितल्या: स्नानसंस्कार, दृढीकरण, विवाह, मृत्यू आणि धर्मग्रामातील कुटुंबांची यादी. यामागे इतिहास लिहिण्याचा हेतू मुळीच नव्हता. स्नानसंस्काराने धर्ममातापित्यांशी आध्यात्मिक नाते जडते आणि ते विवाहाच्या आड येते, म्हणून त्यांची नावे लिहावयाची. लपूनछपून विवाह होऊ नयेत म्हणून साक्षीदार लिहावयाचे. परंतु या गरजेतून जगाला एक अपूर्व वस्तू मिळाली. धनी आणि त्याच्या घरी राबणारा गुलाम यांची नावे एकाच वहीत, एकाच शाईने, एकामागून एक लिहिली गेली.

समानता तिथेही पुरी नव्हती. पोर्तुगीज साम्राज्यातील जुन्या वह्यांत धन्याच्या मुलाला आईबाप असतात, आणि गुलामाच्या मुलापुढे पुष्कळदा ‘अमक्याचा गुलाम’ एवढेच येते. ‘एक्स पात्रे इग्नोतो’, म्हणजे ‘पिता अज्ञात’, हे तीन लॅटिन शब्द सेमिनरीत लॅटिन शिकताना व्याकरणापुरते वाटतात. वहीत ते भेटले की त्यांचे वजन कळते. पण नाव असते, तारीख असते, धर्ममाता असते, आणि वर्षानुवर्षे वाचत गेले तर तेच मूल पुढे कोणाच्या तरी विवाहाला साक्षीदार म्हणून उभे राहिलेले सापडते. तोंबोत हे घडत नाही.

इथेच आडनावाचा प्रश्न उलगडतो. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना आडनाव मिळे ते पुष्कळदा धर्मपित्याचे किंवा स्नानसंस्कार देणाऱ्या धर्मगुरूचे. एका दिवशी, एका धर्मगुरूच्या हातून, एका गावातील वीस कुटुंबे डिसोजा झाली असतील, तर त्या वीस कुटुंबांत रक्ताचे नाते नाही आणि मजगावच्या सूझांशी तर नाहीच. वसईचा सामवेदी, मुंबईचा कोळी, साष्टीचा शेतकरी यांच्या आडनावांवरून त्यांना फिदाल्गोंचे वंशज ठरवणे म्हणजे स्नानसंस्काराचा अर्थच विसरणे आहे. १८८७ मध्ये महाराणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास मुंबईच्या ख्रिस्ती लोकांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले, ते आपण या मातीतले असून पोर्तुगीज प्रजा असलेल्या गोवेकरांहून निराळे आहोत हे सरकारला कळावे म्हणून. त्यांच्याच नातवंडांनी फिदाल्गोंच्या वंशावळी रंगवाव्यात, हे नवल!

वहीलाही आंधळे कोपरे आहेत, हेही सांगितले पाहिजे. मुंबई बेट खंडाने घेतलेला गार्सिया द ओर्ता हा प्रसिद्ध वैद्य जन्माने यहुदी वंशाचा होता. त्याचा वनौषधींवरील ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. १५६८ मध्ये तो वारला. दुसऱ्याच वर्षी त्याच्या बहिणीला इन्क्विझिशनने जाळले, आणि १५८० मध्ये त्याच्या अस्थी उकरून त्याही जाळण्यात आल्या. या घराण्याचा माग काढणाऱ्याला धर्मग्रामाची वही उपयोगी पडत नाही, न्यायासनाचे दप्तर पाहावे लागते. चर्चची कागदपत्रे वाचणाऱ्याने हेही पान उलटून पुढे जाऊ नये.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि फिदाल्गो गोव्याकडे, दमणकडे, मुंबईकडे निघून गेले. मागे राहिले ते कुळे, कोळी, कारागीर आणि त्यांच्यासोबत राहिलेले देशी धर्मगुरू. १७६० च्या सुमारास साष्टीतून गेलेल्या आंकेतील द्यूपेरों या फ्रेंच प्रवाशाने मराठ्यांच्या राज्यात ख्रिस्ती लोक उघडपणे सण साजरे करीत असल्याचे लिहून ठेवले आहे. म्हणजे श्रद्धा टिकवली ती सनद नसलेल्यांनी. स्मरणिकेचा मूळपुरुष त्यांच्यातून का निवडला जात नाही, हे मला आजवर उमगलेले नाही.

आमच्या जिल्ह्यात पोर्तुगीज नाहीत, पण हाच धडा आहे. जिजाऊंचे माहेर असलेल्या सिंदखेडच्या जाधवांचे घराणे देशमुखीच्या कागदांतून शतकानुशतके दिसत राहते. १८५१ मध्ये बाजीराव जाधवांच्या अरब शिबंदीची निजामाच्या कंटिंजंट फौजेशी लढाई झाली, वतन जप्त झाले आणि १८५६ मध्ये बाजीराव कैदेतच वारले. दरम्यान १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हाती आला. जमिनीचे कागद पुढे दुसऱ्यांची नावे सांगू लागतात. गावातील ज्यांना जमीन नव्हती त्यांच्यासाठी वऱ्हाडात एकच कागद, कोतवाल बुक: कोणाच्या घरी जन्म, कोणाच्या घरी मृत्यू, जात कोणती. आजही दाखल्यासाठी लोक तहसील कचेरीत त्याची नक्कल मागावयास जातात. आमच्या धर्मग्रामांतील भूमिहीन कुटुंबांच्या पूर्वजांपैकी अनेकांचे नाव लिहिले गेले ते एवढ्या दोनच ठिकाणी, कोतवाल बुकात आणि स्नानसंस्काराच्या वहीत. कोतवालाने जात लिहिली, धर्मगुरूने धर्ममातेचे नाव लिहिले. दोन्ही नोंदी शेजारी ठेवून वाचल्या तर आजा-पणजापर्यंत सहज जाता येते, आणि तेही पूल न बांधता.

तेव्हा पुढच्या स्मरणिकेसाठी लिहू इच्छिणाऱ्यांना माझी सूचना अशी. प्रथम आपल्या आईवडिलांच्या विवाहाची नोंद पाहावी आणि साक्षीदारांची नावे उतरून घ्यावीत. मग त्या नोंदीवरून आजीच्या स्नानसंस्काराकडे जावे, समासात लिहिलेल्या टिपा सोडू नयेत, कारण विवाह कोठे झाला हे बहुधा तिथेच असते. आईकडची शाखा वडिलांच्या शाखेइतकीच मागे न्यावी. आणि जुनी वही ओलीने चिकटली असेल, तर पाने ओढून सोडवण्याआधी आपल्या फादरांना सांगावे.